आतिथ्य व्यवसायातील कामगार कल्याण आणि कर्मचाऱ्यांची बांधिलकी : शिर्डी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'कर्मचारी निरामयता कार्यक्रम' ही संकल्पना स्थिरावली आहे. कामाच्या ठिकाणी आरोग्य तपासणी, योगवर्ग, समुपदेशन, आहारविषयक मार्गदर्शन यांची सोय केली की कर्मचाऱ्यांची संस्थेविषयीची बांधिलकी वाढते, असे या संकल्पनेचे सूत्र आहे. हॉटेल, लॉज, उपाहारगृह अशा आतिथ्य व्यवसायात कर्मचारी वारंवार काम सोडून जातात, हा मालकांचा नेहमीचा अनुभव असल्याने तेथे हे सूत्र विशेष आकर्षक वाटते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आतिथ्य व्यवसायाचे सर्वांत मोठे केंद्र शिर्डी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३६ हजार लोकवस्तीचे हे गाव वर्षभर आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट पाहुण्यांना जेवू घालते व मुक्कामाला ठेवून घेते. या पाहुणचारामागे उभ्या असलेल्या कामगाराचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. शिर्डीवरील लेखन प्रामुख्याने भक्तीविषयक आहे आणि जिल्ह्याच्या कामगार इतिहासावरील लेखन प्रामुख्याने साखर उद्योगाविषयी आहे. लॉजवरील रूमबॉय, आचारी, वेटर आणि भांडी घासणारा कामगार या दोहोंच्या मधल्या जागेत राहून गेला आहे.

हॉटेल कामगाराचे कल्याण कोणकोणत्या मार्गांनी झाले, कोठे खुंटले आणि त्याचा त्याच्या बांधिलकीशी काय संबंध आहे, याचे ऐतिहासिक विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या व्यवसायात बांधिलकीची मागणी नेहमीच आधी झाली व तिचा मोबदला मागाहून, अपुरा आणि बहुधा वस्तुरूपात दिला गेला. त्यामुळे कामाचे तास, वेतन आणि निवारा यांचा प्रश्न बाजूला ठेवून आखलेला कोणताही निरामयता कार्यक्रम वरवरचाच राहतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

बांधिलकीची संकल्पना

मायर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये संस्थात्मक बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. संस्थेविषयी आपुलकी वाटते म्हणून टिकणारी ती भावनिक बांधिलकी, सोडून गेल्यास नुकसान होईल म्हणून टिकणारी ती गरजेपोटीची बांधिलकी आणि सोडून जाणे योग्य नव्हे असे वाटते म्हणून टिकणारी ती कर्तव्यभावनेची बांधिलकी होय. तिन्ही प्रकारांतील माणूस वरून सारखाच दिसतो. तो कामावर हजर असतो. परंतु तो का हजर आहे, हे कळल्याशिवाय त्याच्या निष्ठेचे मोल ठरवता येत नाही. भारतीय हॉटेल व्यवसायाचा इतिहास पाहताना हा भेद अत्यंत उपयोगी ठरतो, कारण या व्यवसायात गरजेपोटीच्या बांधिलकीलाच अनेकदा 'निष्ठा' हे नाव दिले गेले आहे.

अन्नदानापासून खाणावळीपर्यंत

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. पुढे साईबाबांच्या दर्शनासाठी मुंबई-पुण्याकडून येणारा भाविक कोपरगाव स्थानकावर उतरून टांग्याने शिर्डीस येऊ लागला. त्याच्या मुक्कामाची सोय प्रथम भक्तांनीच केली. १९०८ च्या सुमारास हरी विनायक साठे यांचा वाडा उभा राहिला आणि १९११ मध्ये हरी सीताराम दीक्षित यांचा. आज आपण ज्याला लॉज म्हणतो त्याचे शिर्डीतील मूळ रूप म्हणजे हे वाडे होत. तेथील पाहुणचार हा व्यवसाय नव्हता, तर धर्मकार्य होते. खुद्द साईबाबा मोठ्या हंडीत स्वहस्ते अन्न शिजवून वाटत असत, हे वर्णन गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या 'श्रीसाईसच्चरित' या ग्रंथात येते. भाविकांची वर्दळ वाढली तशी विकतच्या जेवणाचीही गरज निर्माण झाली. सगुण मेरू नाईक यांनी शिर्डीत चालवलेल्या खाणावळीची आठवण साईपरंपरेत जपली गेली आहे.

अन्नदान आणि खाणावळ यांचे हे शेजारीपण शिर्डीच्या आतिथ्य व्यवसायाच्या मुळाशी आहे. त्यातूनच 'सेवा' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जाऊ लागला. भाविक करतो ती सेवा निष्काम असते, तर कामगार करतो ती सेवा उपजीविकेसाठी असते. दोन्हींना एकच शब्द लावला की दुसऱ्या सेवेचा मोबदला मागणे काहीसे अप्रशस्त वाटू लागते. वस्तुतः साईपरंपरेचा निर्वाळा याच्या अगदी उलट आहे. त्याच ग्रंथात शिडीचा प्रसंग येतो. बाबांनी छपरावर चढण्यासाठी शिडी मागवली आणि ती आणून देणाऱ्याला त्या अल्पशा कामाबद्दल लगेच दोन रुपये दिले. इतक्या थोड्या कामाला एवढे पैसे का, असे विचारले गेले तेव्हा कोणाचेही श्रम फुकट घेऊ नयेत असा बोध त्यांनी केला. गुरूला द्यावयाच्या निष्ठा आणि सबुरी या दोन पैशांची कथाही याच ग्रंथातली. निष्ठा-सबुरीची शिकवण शिर्डीत सर्वत्र कोरलेली आढळते. शिडीचा प्रसंग तितकासा आठवला जात नाही.

'पोऱ्या' आणि मालकाचे घर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई-पुण्यात इराणी, उडुपी आणि महाराष्ट्रीय हॉटेले वाढली. त्यांतील कामगार बहुधा गावाकडून, नात्यातून किंवा जातीतून आणलेला असे. लहान वयाच्या कामगाराला 'पोऱ्या' म्हणत. त्याला जेवण हॉटेलातच मिळे आणि रात्री दुकान बंद झाल्यावर टेबले एकत्र करून किंवा माळ्यावर तो झोपे. रोख पगार थोडा असे आणि तोही पुष्कळदा मालकाकडेच साठवलेला राही. आजारी पडल्यास औषधपाणी मालक करी आणि सणावारी कपडे देई. मुंबईत दाक्षिणात्य हॉटेल कामगारांसाठी निघालेल्या रात्रशाळांतून अनेक मुले दिवसा कपबशा विसळून रात्री शिकली आणि त्यांतील काही पुढे स्वतः मालक झाली.

या व्यवस्थेला केवळ शोषण म्हणून मोडीत काढणे इतिहासाला धरून होणार नाही. परक्या शहरात निवारा, अन्न आणि ओळख देणारी ती एकमेव व्यवस्था होती. मात्र तिच्यातील कल्याण हा कामगाराचा हक्क नव्हता, तर मालकाच्या स्वभावावर अवलंबून असलेली बाब होती. जेवण आणि झोपण्याची जागा मालकाच्या हाती असल्याने नोकरी सोडणे म्हणजे एकाच वेळी घरही सोडणे होई. शिवाय उचल घेतलेली असल्यास ती फिटेपर्यंत हलता येत नसे. पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड कामगाराला मुकादमाच्या उचलीशी बांधणारा धागा हाच आहे, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको. मायर-ॲलन यांच्या परिभाषेत ही गरजेपोटीची बांधिलकी होय.

बालकामगारांच्या बाबतीत तर हा प्रश्न फार उशिरा ऐरणीवर आला. हॉटेल, ढाबे, लॉज आणि घरकाम यांत १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास केंद्र शासनाच्या अधिसूचनेने १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. १९८६ च्या बालकामगार कायद्यानंतर वीस वर्षे 'पोऱ्या' कायद्याच्या नजरेआडच राहिला होता.

खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रिया सावकारी कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून त्यांना बँकेच्या कर्जाचा मार्ग खुला करून दिला. आतिथ्याच्या क्षेत्रात कल्याणाचा आरंभ आरोग्य शिबिरापासून नव्हे, तर कर्जमुक्तीपासून झाल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात कामगार कल्याणाची परंपरा जुनी आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेदजी टाटा यांच्या पुढाकाराने निवृत्तिवेतन निधी आणि पुढे १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. परंतु ही परंपरा कारखान्याच्या भोंग्याशी जोडलेली होती. दुकान आणि हॉटेल यांत भोंगा नव्हता, म्हणून कामाचा दिवस कोठे संपतो हेही ठरलेले नव्हते. या दृष्टीने १९३९ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम हे मोठे पाऊल ठरले. देशातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा होता. त्याची जागा १९४८ च्या अधिनियमाने घेतली.

१९४८ च्या अधिनियमात निवासी हॉटेले, उपाहारगृहे आणि भोजनगृहे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण होते. दिवसाचे काम ९ तासांहून अधिक नसावे आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, हे त्यात नमूद होते. मात्र याच प्रकरणातील एक तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. विश्रांतीचा काळ धरून कामाच्या आरंभापासून अखेरीपर्यंतचा एकूण विस्तार दुकानातील नोकरासाठी ११ तासांवर मर्यादित होता. हॉटेल कामगारासाठी हीच मर्यादा १४ तास होती.

कारण स्पष्ट आहे. हॉटेलातील काम सलग नसते. सकाळचा नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण अशा लाटांनी ते येते आणि मधल्या वेळात कामगार रिकामा असतो. हॉटेलच्या भाषेत याला 'ब्रेक ड्युटी' म्हणतात. पण हा रिकामा वेळ खरोखर त्याचा असतो काय? घर दूर असल्यास तो घरी जाऊन येऊ शकत नाही. तो हॉटेलच्या मागील बाजूस किंवा मोकळ्या खोलीत पडून राहतो आणि गिऱ्हाईक आले की उठतो. अशा रीतीने कायद्याने ९ तासांची मर्यादा घातली, पण कामगाराच्या जागेपणाचे १४ तास व्यवसायाच्या ताब्यात राहू दिले. झोप, कुटुंब आणि आरोग्य यांची झीज या मधल्या ५ तासांत होत राहिली.

दुसरी मर्यादा क्षेत्राची होती. हा कायदा प्रथम अनुसूचीतील स्थानिक क्षेत्रांना लागू होता आणि शासनाच्या अधिसूचनेने त्याचा क्रमाक्रमाने विस्तार करावा लागे. त्यामुळे शहरातील उपाहारगृह कायद्याच्या कक्षेत आणि हमरस्त्यावरील ढाबा कक्षेबाहेर, अशी स्थिती दीर्घकाळ संभवत होती. कर्मचारी राज्य विमा योजनेचेही तसेच आहे. मूळ कायदा १९४८ चा, पण त्याचा भर कारखान्यांवर होता. हॉटेलांपर्यंत ती योजना नंतर व अधिसूचित क्षेत्रांपुरतीच पोहोचली. १९५३ च्या कामगार कल्याण निधी अधिनियमाने राज्यात कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले आणि कल्याण केंद्रे, वाचनालये, शिवणवर्ग, क्रीडा-नाट्यस्पर्धा असे उपक्रम सुरू झाले. आजच्या निरामयता कार्यक्रमांचे हे आपल्याकडील खरे पूर्वसूरी होत. परंतु संध्याकाळी सहा वाजता चालणाऱ्या केंद्राचा लाभ गिरणी कामगार घेऊ शके. त्याच वेळी ज्याच्या कामाची लाट सुरू होते त्या वेटरला तो घेणे अवघड होते.

संघटनेचा मार्गही अरुंद होता. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात मुंबईत ज्या असंघटित कामगारांत काम केले त्यांत हॉटेल कामगारही होते. मात्र हजारो कामगार एका छताखाली असलेली गिरणी आणि दहा-बारा जणांचे हॉटेल यांत संघटनेच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. लहान हॉटेलात मालक समोरच गल्ल्यावर बसलेला असतो आणि कामगार पुष्कळदा त्याच्याच गावचा असतो. तेथे संप म्हणजे नात्यातील भांडण होते.

एका तालुक्यातील दोन वाटा

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात राहाता तालुक्यात आहे. लोणी आणि शिर्डी ही दोन गावे एकाच तालुक्यात, एकमेकांपासून फार दूर नाहीत. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. कारखान्याभोवती पुढील काळात वसाहत, शाळा, रुग्णालय आणि महाविद्यालये उभी राहिली. प्रवरा पब्लिक स्कूल १९६४ मधील आहे. साखर उद्योगासाठी १९५७ मध्ये केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले आणि पुढे राज्यात त्रिपक्षीय समित्यांमार्फत वेतनकरार होत राहिले. ऊसतोड कामगार या व्यवस्थेबाहेरच राहिला, हे तिचे मोठे उणेपण होय. तरीही कारखान्यातील कामगाराला वेतनश्रेणी, वसाहत आणि मुलांच्या शिक्षणाची वाट मिळाली.

शिर्डीत याच काळात दुसऱ्या प्रकारची वाढ झाली. १९२२ मध्ये न्यायालयाच्या योजनेने साईबाबा संस्थानाची घडी बसली आणि १९६४ मध्ये साईनाथ रुग्णालय सुरू झाले. १९७७ मध्ये 'शिर्डी के साईबाबा' आणि 'अमर अकबर अँथनी' हे चित्रपट आले आणि साईबाबांचे नाव देशभर घरोघरी गेले. भाविक वाढले तशी शेतजमिनीवर लॉज आणि हॉटेले उभी राहिली. २००९ मध्ये साईनगर शिर्डी रेल्वे स्थानक आणि १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथील विमानतळ सुरू झाला. उलाढाल मोठी झाली, पण ती शेकडो लहान-मोठ्या मालकांत विभागलेली राहिली. त्यामुळे संपूर्ण व्यवसायासाठी एक वेतनकरार, एक वसाहत किंवा एक आरोग्य योजना असा विचार करणारी संस्था निर्माण झाली नाही. लोणीस 'कारखान्याचा कामगार' ही ओळख तयार झाली. शिर्डीत 'अमुक लॉजवरचा पोरगा' एवढीच ओळख राहिली.

आरतीचे वेळापत्रक

शिर्डीच्या आतिथ्य व्यवसायाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. तेथील कामाचा दिवस मंदिराच्या आरत्यांनी आखलेला आहे. पहाटेच्या काकड आरतीसाठी निघणाऱ्या भाविकाला गरम पाणी आणि चहा हवा असतो. माध्यान्ह आरतीनंतर जेवणाची लाट येते, धूपारतीनंतर दुसरी. शेजारती आटोपून परतलेला भाविक रात्री उशिरा जेवतो आणि त्यानंतर भांडी घासली जातात. गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हे इतरांचे सुटीचे व सणाचे दिवस लॉजवरील कामगाराच्या सर्वाधिक कष्टाचे असतात. १९४८ च्या कायद्यातील १४ तासांचा विस्तार शिर्डीत जणू काकड आरती ते शेजारती असा मूर्त रूपात दिसतो.

या चौकटीत कल्याणाची खरी साधने कोणती, याचे एक उदाहरण संस्थानाच्या प्रसादालयात आहे. २००९ मध्ये तेथे ७३ सौर परावर्तकांवर चालणारी वाफेची स्वयंपाक यंत्रणा बसवण्यात आली. तिची वाखाणणी इंधनबचतीसाठी झाली आणि ती योग्यच आहे. परंतु मोठ्या चुलीसमोर धूर आणि धग सोसणाऱ्या आचाऱ्याच्या दृष्टीने वाफेवरचा स्वयंपाक ही आरोग्याचीही सुधारणा आहे. तिला कोणी निरामयता कार्यक्रम म्हटले नाही, तरी कामाची पद्धतच बदलल्यामुळे ती टिकाऊ ठरली. याउलट नोकरीच्या सुरक्षिततेचा प्रश्न संस्थानातही दीर्घकाळ रेंगाळला. अनेक वर्षे कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्या शेकडो कर्मचाऱ्यांना सेवेत कायम करण्याचा निर्णय होण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

वेळापत्रकाची एक दुःखद बाजूही नोंदवली पाहिजे. ३ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे कामावर निघालेल्या संस्थानाच्या दोन कर्मचाऱ्यांचा शिर्डीत खून झाला. आतिथ्य व्यवसायातील कामगार इतर जग झोपेत असताना रस्त्यावर असतो. त्याच्या कल्याणाची कक्षा हॉटेलच्या दारापाशी संपत नाही, ती घरापासून कामापर्यंतच्या रस्त्यालाही लागू होते, याची ही कठोर जाणीव होती.

चौदा महिन्यांची परीक्षा

बांधिलकी दुहेरी असते, या विधानाची परीक्षा कोविड महामारीने घेतली. साई मंदिर १७ मार्च २०२० रोजी दर्शनासाठी बंद झाले ते दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले. ५ एप्रिल २०२१ पासून ते पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस, उघडले. म्हणजे सुमारे चौदा महिने शिर्डीच्या आतिथ्य व्यवसायाला पाहुणाच नव्हता. ज्या मालकांनी बँकेचे कर्ज काढून इमारती बांधल्या होत्या तेही संकटात सापडले आणि त्यांना दोष देऊन भागणार नाही. परंतु ज्याचे जेवण आणि निवारा दोन्ही लॉजवरच होते त्याचा पगार, जेवण आणि छप्पर एकाच दिवशी धोक्यात आले. वस्तुरूप कल्याणाचा हा मूळचा दोष त्या काळात उघडा पडला. दर्शन पुन्हा सुरू झाले तेव्हा गेलेले कामगार परत का येत नाहीत, अशी तक्रार देशभरातील हॉटेल व्यवसायात ऐकू येत होती. जी बांधिलकी गरजेपोटी होती ती गरजेची जागा बदलताच सुटली, असे त्याचे उत्तर आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचे उदाहरण ठेवता येईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तेथील कर्मचारी पाहुण्यांना सोडून गेले नाहीत आणि त्यांतील काहींनी प्राण गमावले. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये या वर्तनाची मीमांसा करताना लहान गावांतून केलेली निवड, दीर्घ प्रशिक्षण आणि चांगल्या कामाची तत्काळ दखल या बाबींवर बोट ठेवले. यातील शौर्याचा धडा सर्वत्र सांगितला जातो. त्यामागील अनेक वर्षांच्या स्थिर नोकरीचा आणि प्रशिक्षणावरील खर्चाचा धडा मात्र मागे पडतो. शिर्डीतील वीस खोल्यांच्या लॉजला ताजसारखा खर्च झेपणार नाही, हे उघड आहे. प्रश्न खर्चाच्या आकाराचा नसून क्रमाचा आहे.

कार्यक्रम आणि पुरावा

पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, निरामयता कार्यक्रम १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रुजले. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा १९७९ मधील उपक्रम त्यांपैकी प्रसिद्ध आहे. दीर्घकाळ त्यांच्या यशाविषयी फारशी शंका घेतली गेली नाही. परंतु भाग घेणारे कर्मचारी मुळातच अधिक निरोगी असतील तर श्रेय कार्यक्रमाला कसे द्यावे, हा प्रश्न होताच. २०१९ मध्ये सॉन्ग आणि बेकर यांनी १६० कामाच्या ठिकाणी यादृच्छिक निवडीने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलेल्या काही आरोग्यविषयक सवयी सुधारल्या, पण रक्तदाबासारखी वैद्यकीय मोजमापे, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत दीड वर्षानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासही साधारण याच दिशेचा आहे.

हे निष्कर्ष आपल्या संदर्भात अधिक अर्थपूर्ण ठरतात. अर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'भावनिक श्रमा'ची संकल्पना सांगते की हसतमुख राहणे हेही काम आहे आणि त्याचाही थकवा येतो. चौदा तासांच्या दिवसात रागावलेल्या गिऱ्हाइकासमोर शांत राहणाऱ्या वेटरला सकाळी सहाच्या योगवर्गास बोलावणे म्हणजे त्याच्या झोपेतून आणखी एक तास काढून घेणे होय.

कायद्याची वाटचाल या दृष्टीने चिंतनीय आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने कामाच्या दिवसाचा विस्तार साडेदहा तासांवर आणला, ही प्रगती होती. मात्र अधूनमधून येणाऱ्या स्वरूपाच्या कामासाठी १२ तासांची मुभा ठेवली आणि हॉटेलातील काम नेमके तशाच स्वरूपाचे आहे. शिवाय दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना केवळ सूचना देण्यापुरते बंधन राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक कामाचे तास ९ वरून १० करण्यास आणि कायद्याची कक्षा २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत ४० वर्षांवरील कामगारांसाठी वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. तपासणीचा हक्क आला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्याच वर्षी तास वाढवण्याची व कक्षा आक्रसण्याची दिशाही ठरली. शिर्डीतील बहुसंख्य लॉजचा विचार केल्यास दुसऱ्या गोष्टीचा परिणाम पहिलीपेक्षा मोठा असण्याचा संभव आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. आतिथ्य व्यवसायात कामगार कल्याण प्रथम मालकाच्या औदार्यातून आणि नंतर कायद्यातून आले. संघटनेचा मार्ग तेथे आस्थापनांच्या लहान आकारामुळे क्षीण राहिला. साखर उद्योगाशी तुलना करता हा फरक राहाता तालुक्यातच स्पष्ट दिसतो.

२. जेवण आणि निवारा या स्वरूपातील मोबदल्याने कामगार टिकून राहिला, पण ते टिकणे गरजेपोटीचे होते. २०२०-२१ च्या चौदा महिन्यांत हे सिद्ध झाले.

३. कामाच्या विस्ताराचा प्रश्न हा हॉटेल कामगाराच्या आरोग्याचा केंद्रबिंदू आहे. पाळ्यांची विभागणी, निश्चित साप्ताहिक सुटी, गर्दीच्या हंगामानंतर भरपाईची रजा आणि पहाटे-रात्रीच्या ये-जा करण्याची सुरक्षित सोय हाच शिर्डीसारख्या ठिकाणचा प्राथमिक निरामयता कार्यक्रम होय. तपासणी आणि समुपदेशन त्यानंतर यावे.

४. एकेका लहान लॉजला जे परवडणार नाही ते व्यवसायाने एकत्र येऊन करणे शक्य आहे. सामाईक कामगार निवास, सामाईक आरोग्य नोंद आणि सामाईक पाळणाघर यांसाठी सहकाराचा अनुभव याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. लोणीस शेतकऱ्यांनी जे उसासाठी केले ते शिर्डीत हॉटेलचालकांना आपल्या कामगारांसाठी करता येणार नाही, असे मानण्याचे कारण दिसत नाही.

आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी सुटीच्या काळात आणि काही तर शिक्षण चालू असतानाच अशा हॉटेल-लॉजवर काम करतात. सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात डुलक्या घेणारा विद्यार्थी रात्री कोठे होता, याची चौकशी केल्यास या लेखाचा विषय आपल्या वर्गखोलीतच बसलेला आढळेल. त्याच्याकडून निष्ठेची आणि सबुरीची अपेक्षा आपण सर्वच करतो. शिडी आणून देणाऱ्याला ताबडतोब त्याचे दोन रुपये मिळाले होते, हेही त्याच परंपरेने सांगितले आहे.